तबकडीवरचा पाच किलोमीटरचा प्रवास

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



जामनेरसारख्या तालुक्याच्या गावात रेडिओ आणि टीव्ही दुरुस्त करण्यात माझी चाळीस वर्षं गेली. आता दुकान मुलगा पाहतो आणि तिथे मोबाइल विकले जातात. माझ्या वाट्याला घरातलं एक लोखंडी कपाट आलं आहे. त्यात चारशेच्या वर सीडी आहेत. थोड्या नाट्यसंगीताच्या, थोड्या भीमसेनजींच्या आणि किशोरीताईंच्या. बाकी सगळ्या जॅझच्या, रॉकच्या आणि या दोन्हींच्या मिश्रणातून निघालेल्या 'जॅझ फ्यूजन' नावाच्या संगीताच्या. पाहुणे आले की सौभाग्यवती कपाटाकडे बोट दाखवून म्हणते, "हे ह्यांचं बँकेचं लॉकर. फक्त ह्यातलं काही मोडता येत नाही."

या छंदाबद्दल आज बोलायचं आहे. पण आधी एक विनंती. तुमच्याही घरात एखादी सीडी असेल. लग्नाची असेल, बारशाची असेल, आजोबांच्या पंचाहत्तरीची असेल. ती कुठे ठेवली आहे, एवढं आठवून ठेवा. भाषणाच्या शेवटी मला तिच्याकडेच यायचं आहे.

रात्रीचा रेडिओ

जॅझ आणि जामनेर ही जोडी ऐकून लोक हसतात. पण माझी आणि जॅझची ओळख जामनेरातच झाली. १९७८ मध्ये मी दुकान टाकलं. दुरुस्त केलेला सेट शॉर्टवेव्हवर नीट पकडतो की नाही, हे रात्रीच कळतं, कारण लांबची स्टेशनं रात्री चांगली लागतात. सुई फिरवता फिरवता एका रात्री 'व्हॉइस ऑफ अमेरिका' लागलं. विलिस कोनोवर नावाचे निवेदक १९५५ पासून तिथे जॅझचा कार्यक्रम करत होते. जगभरच्या, इंग्रजी कच्चं असलेल्या लोकांना कळावं म्हणून ते अगदी सावकाश, एकेक शब्द सुटा करून बोलत. माझं इंग्रजी मॅट्रिकपुरतं. पण त्यांचं मला कळायचं.

कार्यक्रमाच्या सुरुवातीला ड्यूक एलिंग्टनच्या वाद्यवृंदाची 'टेक द ए ट्रेन' ही धून वाजे. न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेवरची ती धून. आमच्याकडे तेव्हा पाचोरा-जामनेर ही छोटी गाडी होती, सगळे तिला 'पी.जे.' म्हणत. छप्पन्न किलोमीटर, आणि तिची चाल तिची तिलाच ठाऊक. २०२० मध्ये ती बंद झाली. न्यूयॉर्कच्या गाडीवर इतकी झोकदार धून होऊ शकते, तर आमच्या पी.जे.वर का नाही, असं मला तेव्हा वाटून जायचं.

ही वाद्यं कानाला परकी वाटली नाहीत, कारण आपला खानदेश बँडवाल्यांचा मुलूख. वरातीत ट्रम्पेट, क्लॅरिनेट, सॅक्सोफोन ऐकतच आपण लहानाचे मोठे झालो. जॅझमध्ये तीच वाद्यं होती, फक्त वाजवणारे आधी एक चाल सरळ वाजवत आणि मग एकेक जण पुढे येऊन तिची आपापल्या परीनं बढत करत. बाकीचे ठेका आणि सूर धरून ठेवत. आपला गवई बंदिशीचा मुखडा घेऊन फिरून समेवर येतो, त्याच जातीचं हे काम होतं. शेजारच्या किराणा दुकानदाराला मात्र ते पटलं नाही. एकदा तो शटर ओढता ओढता म्हणाला, "काय रे भो, बँडवाल्यांचं भांडण झालं का काय?"

फ्यूजन म्हणजे काय

आता 'फ्यूजन' या शब्दाकडे येऊ. हल्ली कुठल्याही भजनामागे गिटार वाजली की त्याला फ्यूजन म्हणतात. मूळ गोष्ट वेगळी आहे. १९६०च्या दशकाच्या शेवटी अमेरिकेतली तरुण मंडळी जॅझ सोडून रॉककडे वळली होती. रॉकमध्ये विजेची गिटार होती, मोठा आवाज होता, जोरकस ठेका होता. जॅझमध्ये बढतीची कला होती. ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिस यांनी या दोन गोष्टी एकत्र आणल्या. १९६९ मधली 'इन अ सायलेंट वे' आणि १९७० मधली 'बिचेस ब्रू' या त्यांच्या दोन तबकड्यांपासून हा नवा प्रवाह ठळक झाला. या तबकड्यांवर वाजवणाऱ्यांनीच पुढे आपापले वाद्यवृंद काढले. जो झाविनुल आणि वेन शॉर्टर यांनी 'वेदर रिपोर्ट' काढला, चिक कोरिया यांनी 'रिटर्न टू फॉरएव्हर', आणि जॉन मॅक्लॉफ्लिन या इंग्रज गिटारवादकानं 'महाविष्णू ऑर्केस्ट्रा'.

नाव ऐकून चमकलात ना? मॅक्लॉफ्लिन यांना 'महाविष्णू' हे नाव त्यांचे गुरू श्री चिन्मय यांनी दिलं. १९७१ मध्ये 'द इनर माउंटिंग फ्लेम' आणि १९७३ मध्ये 'बर्ड्‌स ऑफ फायर' या तबकड्या आल्या. वाद्यवृंदात एक इंग्रज, एक आयरिश, एक अमेरिकन, एक चेक आणि पनामात जन्मलेला ड्रमवादक. पाश्चात्त्य रॉक बहुतेक चार मात्रांत चालतं. ही मंडळी सात, नऊ, दहा मात्रांत वाजवत. 'बर्ड्‌स ऑफ फायर'ची शीर्षकधून अठरा मात्रांच्या हिशेबात आहे. तिकडच्या श्रोत्यांना ते चक्रावून टाकणारं वाटलं. रूपक आणि झपताल ऐकलेल्या माणसाला मात्र बोटं मोडत मोजता येतं.

मॅक्लॉफ्लिन अमेरिकेत वीणाही शिकले. त्यातून पुढचं पाऊल पडलं ते 'शक्ती'चं. गिटारवर मॅक्लॉफ्लिन, व्हायोलिनवर एल. शंकर, घटमवर टी. एच. विनायकराम आणि तबल्यावर झाकिर हुसेन. विजेची वाद्यं बाजूला ठेवून साध्या गिटारवर मॅक्लॉफ्लिन यांनी तरफेच्या तारा बसवून घेतल्या. ५ जुलै १९७५ रोजी न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडवर एका कॉलेजात झालेल्या मैफलीचं ध्वनिमुद्रण हीच शक्तीची पहिली तबकडी. तिच्यात एक रचना जवळजवळ एकोणतीस मिनिटांची आहे. आणखी एक गोष्ट ध्यानात घ्या. उत्तर हिंदुस्थानी तबला आणि कर्नाटकी घटम शेजारी शेजारी बसवून असं काम तेव्हा आपल्या देशातही फारसं होत नव्हतं. फ्यूजन पूर्व-पश्चिमेचं झालं म्हणतात. ते उत्तर-दक्षिणेचंही होतं.

या प्रवाहात आपली माणसंही आहेत. ठुमरी-दादऱ्यासाठी नावाजलेल्या शोभा गुर्टू मूळच्या बेळगावच्या. त्यांचे चिरंजीव त्रिलोक गुर्टू जगातल्या मोठ्या फ्यूजन तालवादकांपैकी एक आहेत. ते जमिनीवर बसून तबला आणि ड्रम एकत्र वाजवतात आणि वाजती झांज पाण्याच्या बादलीत बुडवून आवाज वाकवतात. १९८८ मधल्या त्यांच्या 'उस्फ्रेट' या तबकडीवर आईचा आवाज आहे. मराठी घरातल्या माणसानं ही तबकडी एकदा तरी ऐकावी. शक्तीच्या दुसऱ्या पर्वात शंकर महादेवन आले. ते श्रीनिवास खळे यांचे शिष्य. मुंबईत ध्वनिमुद्रित झालेली 'सॅटर्डे नाइट इन बॉम्बे' ही तबकडी २००१ ची. तिच्यात शिवकुमार शर्मांचं संतूरही आहे.

रॉकचंही तेच. बीटल्सपैकी जॉर्ज हॅरिसन जानेवारी १९६८ मध्ये मुंबईत आले आणि फोर्टातल्या एचएमव्हीच्या स्टुडिओत त्यांनी आपल्या वादकांकडून वाजवून घेतलं. त्या बैठकांतलं काही 'वंडरवॉल म्युझिक' या तबकडीत आलं. 'द इनर लाइट' या बीटल्सच्या गाण्याचं वाद्यसंगीतही तिथलंच. आपण व्ही.टी.ला उतरून ज्या रस्त्यांनी चालतो, त्यांच्या बाजूलाच हे घडलं होतं.

कंडक्टर मित्र

हे सगळं कळलं कुठून, असं तुम्ही विचाराल. माझा एक मित्र एसटीत कंडक्टर होता. लांब पल्ल्याच्या गाडीवर त्याची ड्यूटी असे. रेडिओ दुरुस्तीला घेऊन आला, तो तासभर माझ्या दुकानात जॅझ ऐकत बसला आणि तिथून आमची मैत्री जुळली. तिकिटांच्या पत्र्याच्या पेटीवर तो पंचनं सात मात्रा धरायचा. प्रवासी वैतागत, ड्रायव्हर हसायचा.

मुंबईला मुक्काम पडला की तो काळा घोड्याला 'ऱ्हिदम हाउस'मध्ये जायचा. तिथे तबकडी विकत घेण्याआधी ऐकायला मिळे. खाकी गणवेशातला माणूस कानाला हेडफोन लावून माइल्स डेव्हिस ऐकतो आहे, हे दृश्य तिथल्या नोकरांनाही सवयीचं झालं होतं, असं तो सांगायचा. आधी कॅसेटी आणल्या. १९९६ मध्ये माझ्याकडे आखातातून आलेला एक सीडी प्लेअर दुरुस्तीला आला. मालकानं तो परत नेलाच नाही, मजुरीत सोडून दिला. मग मित्रानं माझ्यासाठी पहिली सीडी आणली, ती शक्तीची पहिली. किंमत पाचशेच्या आसपास. तेव्हा वीसेक रेडिओंची मजुरी तेवढी व्हायची. मी घरी सांगितलं, सीडी दुरुस्तीला आली आहे. ती दुरुस्ती अजून चालू आहे.

आमचा नियम ठरला होता. महिन्याला एक, दोघांत मिळून. एका महिन्यात तो निवडणार, एका महिन्यात मी. तो रॉकवाला: पिंक फ्लॉइड, सँटाना, जेफ बेक. मी जॅझवाला. भांडण मिटवायला फ्यूजन. सँटाना आणि मॅक्लॉफ्लिन यांनी १९७३ मध्ये एकत्र केलेली 'लव्ह डिव्होशन सरेंडर' ही तबकडी आमच्या दोघांच्या सहीनं घेतली गेली. एकदा टपालानं मागवलेलं पाकीट आलं, त्यात सीडीचे तीन तुकडे. कुणाला दोष देणार! तेव्हापासून तो स्वतः आणायचा, तिकिटांच्या पेटीशेजारी पिशवीत टॉवेलमध्ये गुंडाळून.

चाळीसगावला स्टेशनजवळ कलामहर्षी केकी मूस यांचं घर आहे. पन्नासेक वर्षं घराबाहेर न पडता या छायाचित्रकारानं आपलं कलेचं जग घरातच उभं केलं. १९८९ मध्ये ते गेले. आम्ही दोघं ते घर पाहून आलो, तेव्हा मित्र म्हणाला, "भाऊ, खानदेशात बसून जग जमवायची रीत आपण काढलेली नाही. ती आधीपासूनच आहे."

सीडी वाजते कशी

आता थोडं माझ्या धंद्यातलं. फिलिप्स आणि सोनी या कंपन्यांनी मिळून सीडी तयार केली आणि १९८२ मध्ये ती जपानात विक्रीला आली. बारा सेंटिमीटर व्यासाची, सव्वा मिलिमीटर जाडीची पॉलिकार्बोनेट प्लॅस्टिकची चकती. तिच्यावर बारीक खळग्यांची एकच एक गोल गोल फिरत जाणारी रेघ असते. वर आरशासारखा ॲल्युमिनियमचा पातळ थर. प्लेअरमधला लेझरचा किरण खालून त्या रेघेवर पडतो. सपाट जागेवरून तो चांगला परततो, खळग्याच्या कडेवर कमी परततो. या कमी-जास्तातून एक आणि शून्य असे आकडे वाचले जातात, आणि आकड्यांतून पुन्हा आवाज तयार होतो.

आवाजाचे आकडे कसे करतात? एका सेकंदात ४४,१०० वेळा आवाजाचं माप घेतात. माणसाच्या कानाला सेकंदाला वीस हजार कंपनांपर्यंत ऐकू येतं. ते पकडायला त्याच्या दुपटीहून थोडी जास्त मापं लागतात. प्रत्येक माप सोळा अंकांत लिहितात, आणि डावा-उजवा असे दोन आवाज. गुणाकार केला तर एका सेकंदाला चौदा लाख अकरा हजार दोनशे अंक होतात. रस्त्यावर मिळणाऱ्या 'दोनशे गाणी एका सीडीत' अशा एमपीथ्रीमध्ये याचा साधारण अकरावा हिस्सा उरलेला असे. झांजेचा शेवट विरत जातो, तो तिथे आधी मरतो.

ही रेघ आतून बाहेर वाचली जाते. रेकॉर्डच्या उलट. चौऱ्याहत्तर मिनिटांच्या सीडीवर ती उलगडली तर पाच किलोमीटरच्या वर भरते. लेझर तिच्यावरून सेकंदाला सव्वा मीटरच्या आसपास जातो, म्हणजे आपल्या साध्या चालण्याच्या वेगानं. मित्राला हे सांगितलं, तेव्हा त्याला फार आवडलं. "म्हणजे एक सीडी ऐकली की एक कोस-दीड कोस पायी झालं," तो म्हणाला. "तिकीट नाही."

ओरखडा पडला तरी सीडी वाजते, याचं कारणही त्याला मी त्याच्याच भाषेत सांगितलं होतं. एका घरातली सगळी माणसं एकाच गाडीत बसवली आणि गाडी बंद पडली, तर लग्नाला कुणीच पोचणार नाही. म्हणून दोन-दोन माणसं वेगवेगळ्या गाड्यांत बसवायची. सीडीवर शेजारच्या क्षणांचे आकडे असेच दूर दूर पांगवून लिहितात. शिवाय मुनीम खतावणीत ताळ्याची बेरीज लिहितो, तसे ताळ्याचे जास्तीचे आकडेही लिहितात. एक गाडी अडली तर बाकीच्यांवरून हरवलेला आकडा काढता येतो. रेघेच्या दिशेनं सुमारे अडीच मिलिमीटरपर्यंतचा घाव अशा तऱ्हेनं पूर्ण भरून निघतो. म्हणूनच सीडी पुसताना गोल गोल पुसू नये. मधून कडेकडे सरळ पुसावी. गोल ओरखडा रेघेच्या बाजूनं लांब जातो आणि एकाच घरातली सगळी माणसं अडकतात.

आणखी एक. लोक चकचकीत बाजू जपतात आणि छापील बाजू टेबलावर घासतात. खरं तर उलट आहे. चकचकीत बाजूला सव्वा मिलिमीटर प्लॅस्टिक आहे. छापील बाजूला ॲल्युमिनियमवर लॅकरचा जेमतेम थर. तिथे बॉलपेन टोचलं की आरसाच फुटतो.

संग्रह म्हणजे नुसती गर्दी नव्हे

इतक्या सीडी कशाला, सगळं आता मोबाइलवर आहे, असं माझा नातू म्हणतो. बरोबर आहे त्याचं. मीही मोबाइलवर ऐकतो. पण दोन गोष्टींसाठी कपाट ठेवलं आहे.

एक म्हणजे आवृत्ती. जुन्या तबकड्या कंपन्या नव्यानं साफसूफ करून काढतात. कित्येकदा त्यात आवाज सरसकट मोठा करतात. हळू वाजवलेलं आणि जोरात वाजवलेलं यातलं अंतर कमी होतं. घटमवर बोटाचं टोक आणि घटमवर तळहात, दोन्ही सारखेच मोठे झाले तर विनायकरामांच्या हाताला काय अर्थ राहिला? मोबाइलवर बहुधा कंपनी देईल तीच आवृत्ती मिळते. कपाटातली माझी तशीच राहते.

दुसरी गोष्ट म्हणजे सीडीबरोबरची पुस्तिका. जॅझच्या सीडीत कुणी काय वाजवलं, कुठे, कोणत्या तारखेला, सारं छापलेलं असतं. आपल्या हिंदी सिनेमाच्या रेकॉर्डवर गायक, संगीतकार, गीतकार एवढीच नावं असत. ज्या गोवेकर वादकांनी आणि संयोजकांनी ती गाणी उभी केली, जॅझ वाजवून हात तयार केलेली ती माणसं, त्यांची नावं बहुतेक वेळा नसत. सॅबेस्टियन डिसोझा, अँथनी गोन्सालवीस, चिक चॉकलेट ही नावं किती जणांना ठाऊक आहेत? मी पुस्तिका वाचायला लागलो आणि मग प्रत्येक गाण्यात विचारायला लागलो, हे वाजवतंय कोण?

आमच्याकडे संग्रह टिकवणं म्हणजे उन्हाशी सामना. मे महिन्यात पारा पंचेचाळीसवर जातो. पत्र्याच्या खोलीत सीडी ठेवू नये. बाहेरच्या भिंतीला कपाट लावू नये. सीडी आडव्या रचू नयेत, पुस्तकांसारख्या उभ्या ठेवाव्यात. कपाटात डांबराच्या गोळ्या टाकू नयेत. त्यांच्या वाफेनं डब्यांचं प्लॅस्टिक चिकट झालेलं मी पाहिलं आहे. कसरीसाठी मी कडुलिंबाचा वाळलेला पाला ठेवतो, तोही पुस्तिकांपासून दूर. प्लेअर अडला तर लगेच टाकू नका. निम्म्या वेळा लेझरच्या भिंगावर धूळ असते. आमच्याकडे जिनिंगचा कापूसही उडतो. उरलेल्या निम्म्यांपैकी बऱ्याच वेळा ट्रे ओढणारा रबरी पट्टा उन्हानं सैल झालेला असतो.

शेवटचा थांबा

आता मी ज्या गोष्टीसाठी आलो, ती सांगतो.

२००४ मध्ये मित्राच्या मुलानं घरी कॉम्प्युटर घेतला. सीडी राइट करता येऊ लागली. दिवाळीला मित्रानं मला एक सीडी दिली. वर मार्करनं लिहिलं होतं, 'जामनेर ते न्यूयॉर्क, जलद'. त्यात त्यानं आमच्या आवडीचे सोळा तुकडे निवडले होते आणि प्रत्येकाआधी स्वतःचा आवाज भरला होता, अगदी एसटीतल्या थाटात. "चला, पुढे सरका. पुढचा थांबा न्यूयॉर्क, १९६९. माइल्स डेव्हिस वाजवतील. सुटे पैसे काढून ठेवा." त्या काळात भारनियमन इतकं होतं, की ती सीडी सलग एका बैठकीत मी क्वचितच ऐकली. तिसऱ्या चौथ्या थांब्याला लाइट जायची. शेवटच्या तुकड्याआधी तो बराच वेळ बोलला होता. आमच्या मैत्रीबद्दल होतं. मी ते दोनदा ऐकलं असेल. पुन्हा ऐकू की सावकाश, असं म्हणून ठेवून दिलं.

२०११ मध्ये तो गेला. ड्यूटीवरून आला, छातीत दुखलं आणि सकाळ पाहिली नाही. त्यानंतर मला ती सीडी लावायचा धीर झाला नाही. २०१७ मध्ये त्याची मुलगी माहेरी आली होती. म्हणाली, "काका, बाबांचा आवाज तुमच्याकडे आहे ना? माझ्या मुलांनी आजोबांना ऐकलंच नाही."

मी सीडी काढली. वरून नवीकोरी दिसत होती. एकही ओरखडा नव्हता. पहिले नऊ थांबे नीट लागले. दहाव्याला आवाज तुटायला लागला. बाराव्यानंतर प्लेअर नुसता शोधत राहिला. कॉम्प्युटरवर घातली, दुसऱ्या ड्राइव्हवर घातली, एका रात्री सगळ्यात मंद वेगानं वाचायला लावून बसलो. अकरा तुकडे हाती आले. शेवटचे पाच नाहीत. त्याचं ते शेवटचं बोलणं नाही.

मी या धंद्यातला माणूस. मला हे ठाऊक असायला हवं होतं. कंपनीतून आलेल्या सीडीवर खळगे साच्यानं दाबून काढलेले असतात. आपण घरी राइट करतो, त्या कोऱ्या सीडीवर खळगे नसतात. तिच्यात रंगद्रव्याचा एक थर असतो. लेझर तो जागोजागी जाळून खुणा करतो. हे रंगद्रव्य ऊन, उष्णता आणि दमटपणा यांनी हळूहळू बदलतं, आणि मग जळलेली जागा आणि न जळलेली जागा यातला फरक वाचता येत नाही. स्वस्तातल्या कोऱ्या सीडीचं तर आणखीच लवकर होतं. बिघाड पुष्कळदा बाहेरच्या कडेकडून सुरू होतो. सीडी आतून बाहेर भरली जाते, हे मघाशी सांगितलं. म्हणजे शेवटी जे भरलं, ते कडेला असतं. आणि तेच आधी जातं.

१९९६ ची शक्ती आजही पहिल्या दिवसासारखी वाजते. २००४ ची माझ्या मित्राची सीडी गेली. जी बाजारात केव्हाही मिळाली असती ती राहिली, आणि जिची जगात दुसरी प्रत नव्हती ती मी कपाटात ठेवून निश्चिंत राहिलो.

मुलीला मी अकरा थांबे दिले. तिनं ते ऐकले, मुलांना ऐकवले. शेवटी काय होतं, असं तिनं विचारलं. मला आठवत होतं तेवढं सांगितलं. पण मी सांगितलेलं ते माझ्या आवाजातलं होतं.

आज रात्रीचं काम

म्हणून आता तुमच्या सीडीकडे येऊ. गेल्या पंचवीस-तीस वर्षांत आपल्या घरोघरी लग्नाच्या, मुंजीच्या सीडी आणि व्हीसीडी आल्या. फोटोग्राफरनं दिलेल्या या जवळजवळ सगळ्याच राइट केलेल्या असतात. चकचकीत बाजू उलटी करून पाहा. छापलेली सीडी बहुधा चांदीसारखी शुभ्र दिसते. राइट केलेली बहुधा हिरवट, निळसर किंवा सोनेरी झाक मारते. अशी झाक दिसली तर थांबू नका.

कॉम्प्युटर असलेल्या ओळखीच्या मुलाला गाठा. आत काय आहे ते सगळं उतरवून घ्या. नुसतं सुरू होतं का, एवढं पाहू नका. शेवटापर्यंत चालतं का ते पाहा, कारण दुखणं शेवटी असतं. एक प्रत पेन ड्राइव्हवर, एक हार्ड डिस्कवर आणि एक दुसऱ्या गावातल्या नातेवाइकाकडे. तीन प्रती, आणि एक घराबाहेर. वर्षातून एकदा, दसऱ्याला शस्त्रं पुजतो तेव्हा, त्या उघडून पाहा. पाच-सात वर्षांनी नव्या साधनावर हलवा. कुठलंच साधन कायमचं नाही. हलवत राहणं हाच उपाय आहे. न वाचणारी सीडी फेकू मात्र नका. दुसऱ्या एखाद्या ड्राइव्हवर ती अर्धी तरी वाचली जाते. माझी वाचली गेली.

१५ डिसेंबर २०२४ रोजी झाकिर हुसेन गेले. त्याच वर्षी फेब्रुवारीत शक्तीच्या 'धिस मोमेंट' या तबकडीला ग्रॅमी मिळालं होतं. बातमी कळल्यावर मी रात्री १९७५ ची ती मैफल लावली. तेव्हा ते चोवीस वर्षांचे होते. माझा नातू शेजारी येऊन बसला आणि तबला संपेपर्यंत उठला नाही. मग त्यानं विचारलं, "आजोबा, कंडक्टर आजोबांची लावता?"

लावली. पहिला थांबा, दुसरा, तिसरा. अकरावा संपल्यावर तो वाट पाहत बसला. मी सांगितलं, गाडी इथवरच येते.

तुमची गाडी कुठवर येते, ते आज रात्री पाहून घ्या.